पडेल की सैल

चपलेच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे: "पडेल की सैल." बेळगावात आमचं चपला-बुटांचं छोटंसं दुकान आहे. शाळेत असताना सुट्टीत आणि आता कॉलेज सुटल्यावर मी तिथं बसते. हे वाक्य दुकानदार माल खपवायला म्हणतो असा लोकांचा समज असतो. आमच्याकडं मात्र ते गिऱ्हाईकच जास्त म्हणतं. आई मुलीला म्हणते, नवरा बायकोला म्हणतो, आज्जी नातवाला म्हणते. पाय आत जाताना तोंड वाकडं झालेलं सगळ्यांना दिसतं. पण रंग आवडलेला असतो, भाव जमलेला असतो, लग्न परवावर आलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतंच, "आत्ता घट्ट वाटतंय, घातली की पडेल की सैल!"

बाबांचा या वाक्यावर जुना राग आहे. ते म्हणतात, "रुंदीला पडेल, तेही चामडं असलं तर. रेक्झिन पडत नाही. आणि लांबीला प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी सैल पडायची नाही." एवढं ऐकूनही लोक तीच चप्पल घेऊन जातात आणि चार दिवसांनी टाचेला पट्टी लावून रस्त्यात भेटतात.

वाङ्मय मंडळाच्या अंकासाठी काय लिहितेस, असं एका मैत्रिणीनं विचारलं. मी म्हटलं, पायाला येणाऱ्या फोडावर. ती खो खो हसली. हसून झाल्यावर वर्गातल्या बाकाखाली हळूच सँडल काढून तिनं आपली टाच दाखवली. रुपयाएवढा फोड होता. सकाळपासून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा वाटलं, विषय काही वाईट नाही.

आमच्या दुकानात चार भाषा चालतात. मराठी गिऱ्हाईक म्हणतं, चप्पल चावते. कानडी गिऱ्हाईक म्हणतं, "कच्चतैत्रि." गोव्याहून आलेली मावशी म्हणते, "चाबता." हिंदीवाले म्हणतात, "काटता है." कॉलेजची मुलं "शू बाइट झालाय" म्हणतात. भाषा कुठलीही असो, चपलेला दात आहेत यावर सगळ्यांचं एकमत. मला मात्र वाटतं, या शब्दानं आपली थोडी फसगत होते. चावणं हा चपलेचा स्वभाव वाटू लागतो, आणि स्वभावाला औषध नाही म्हणून आपण सोसत बसतो. नवी आहे, दोन दिवस चावेल, मग माणसाळेल, असं धरून चालतो. तोवर पाय काय सांगतोय ते कुणी ऐकत नाही.

आणि पाय सांगत असतो. फोड अचानक येत नाही. आधी ती जागा जरा गरम लागते. मग चुरचुरते. मोजा काढून बघितला तर तिथं लाल झालेलं दिसतं. फोड त्यानंतर. मधला तो जो वेळ असतो, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास, तेवढ्यात थांबलं तर बहुतेक वेळा फोड टळतो.

आत नेमकं काय होतं ते मी मुद्दाम वाचून काढलं. कातडी सोलवटते तो प्रकार वेगळा आणि पाण्याचा फोड वेगळा. फोडाची वरची कातडी बहुधा शाबूत असते, बिघाड आत होतो. पाऊल टाकताना आतलं हाड पुढंमागं सरकतं. वरची कातडी मात्र मोज्याला किंवा बुटाला चिकटून जागच्या जागी धरलेली राहते. मधल्या थरांची ओढाताण होते. हीच ओढाताण शेकडो पावलं चालू राहिली की वरच्या त्वचेच्या आतल्या थरांत बारीक फट पडते आणि तिच्यात पाणी भरतं. टाच, चवडा, तळवा इथली कातडी जाड आणि घट्ट असते, म्हणून फोड तिथं धरतो. पातळ कातडी फोडाची वाट न बघता सरळ सोलून निघते.

यात ओलावा आगीत तेल ओततो. घामानं किंवा पावसानं दमट झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घट्ट पकडली जाते. आता बेळगावचा पाऊस आठवा. जून ते ऑगस्ट बूट वाळतच नाहीत. रात्री चुलीजवळ, फ्रीजच्या मागं, पंख्याखाली ठेवले तरी सकाळी आतून गारच. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले आणि दोन-तीन वेळा बदलले तर बरेच वाळतात. शिवाय बॅगेत एक कोरडा मोज्यांचा जोड असावा. कॉलेजला पोचल्यावर मोजे बदलायला दोन मिनिटं लागतात. लाजतो आपण, एवढंच.

एवढ्याशा फोडाचं काय कौतुक, असं वाटत असेल तर एक खरी गोष्ट सांगते. १९२४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते कॅल्व्हिन कूलिज. त्यांचा धाकटा मुलगा, त्याचंही नाव कॅल्व्हिनच, व्हाइट हाउसच्या मैदानावर टेनिस खेळला. बुटात मोजे घातले नव्हते. पायाच्या बोटाला फोड आला. त्यातून जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि आठवड्याभरात, ७ जुलैला, तो मुलगा गेला. वय १६ वर्षं. प्रतिजैविकं तेव्हा आलेली नव्हती. आज आपल्याकडं औषधं आहेत, त्यामुळं असं सहसा होत नाही. पण फोडलेला, मळलेला, दुर्लक्ष केलेला फोड म्हणजे शरीराला पाडलेलं दारच असतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

आमच्या दुकानाची खरी परीक्षा जून महिन्यात असते. शाळा-कॉलेजं सुरू होतात आणि काळ्या बुटांसाठी रांग लागते. आपल्याकडं कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, तसे बूटही वाढत्या पायाचे घेतात. एक जोड दोन वर्षं चालवायचा असतो. यात हसण्यासारखं काही नाही. ज्या घरात तीन मुलं शिकतात तिथं हा हिशेब करावाच लागतो. पण घट्ट बुटानंच फोड येतो हा गैरसमज आहे. सैल बुटात टाच प्रत्येक पावलाला वर-खाली होते आणि फोड तिथंही येतो. पुढं कापूस कोंबला तर बोटांना लागतो.

गेल्या जूनमध्ये खानापूरकडच्या एका खेड्यातून एक मुलगी आईबरोबर आली होती. अकरावीला प्रवेश घेतला होता, बस स्टँडपासून कॉलेजपर्यंत रोज चालत जाणार होती. घातलेला बूट लांबीला बरोबर होता, पण करंगळीला दाबत होता. मुलगी हळूच म्हणाली, "आई, इथं लागतंय." आईनं पिशवीतले पैसे मोजले आणि म्हणाली, "पडेल की सैल." त्या आवाजात बेपर्वाई नव्हती, विनवणी होती. बाबांनी दुसरा, जरा रुंद साच्याचा जोड काढला. दिसायला तो तितका चकचकीत नव्हता, किंमत मात्र तीच होती. मुलगी दुकानात चार फेऱ्या चालली. पाचव्या फेरीला तिनं पायाकडं बघणं सोडलं आणि समोर बघत चालली. बाबा मला म्हणाले, "बसला बघ." बूट बसलाय की नाही हे ओळखायची त्यांची खूण हीच आहे. गिऱ्हाईक पायाकडं बघायचं विसरलं पाहिजे.

या मापांचा घोळ फक्त आपल्या खिशाचा नाही. आपण जे सहा, सात, आठ नंबर म्हणतो ते इंग्रजांच्या पद्धतीचे. एका नंबरात आणि पुढच्या नंबरात लांबीचा फरक जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा असतो, आणि रुंदी तर नंबरात सांगितलेलीच नसते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या एक लाखाहून अधिक माणसांच्या पायांची मापं घेतली. आपले पाय पाश्चात्त्य साच्यापेक्षा रुंद असतात असं त्यात दिसलं, आणि 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. म्हणजे रुंदीला जागा मिळावी म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो आणि मग टाचेत बूट हलतो म्हणून फोड येतो. दुकानात हे रोज दिसतं, फक्त त्याला आकडा आत्ता मिळाला.

म्हणून बूट घ्यायला शक्यतो संध्याकाळी यावं. दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो, तोच खरा पाय. दोन्ही पायांत घालून बघावं, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो, आणि माप मोठ्या पायाचं घ्यावं. बसून बघू नये, उभं राहावं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. हे लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. जे मोजे वापरणार तेच घालून यावं. आणि बुटात हात घालून आतली शिवण चाचपावी. जी शिवण बोटाला टोचते ती पायाला सोडणार नाही.

आमच्याकडं वर्षातून दोनदा चालणारी माणसं येतात. जूनच्या सुमारास पंढरीला पायी निघणारी, आणि नोव्हेंबरात जुन्या गोव्याला सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला पायी निघणारी. २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होते, ३ डिसेंबरला फेस्त. बेळगाव-खानापूर भागातले कितीतरी जण चोर्ला घाट उतरून जातात, सुमारे शंभर किलोमीटर. दोन्ही गटांची एक सवय अगदी सारखी. निघायच्या आदल्या दिवशी नवे बूट घ्यायला येतात. देवाच्या दारी जायचं तर नवं नको का? बाबा त्यांना हात जोडून सांगतात, "जुनेच घाला. पायाला ओळखीचे आहेत ते." त्यात आमची विक्री बुडते. आई कुरकुरते. पण परत आलेली माणसं पुढच्या वर्षी दोन महिने आधी येतात, आणि बूट रोज तासभर घालून रुळवतात.

घाट उतरताना आणखी एक गंमत होते. पाय पुढं सरकतो, बोटं बुटाच्या नाकावर आदळतात आणि नखं काळी पडतात. बऱ्याच बुटांना घोट्याजवळ एक जादा भोक असतं. लोक ते सोडून देतात. शेवटच्या दोन भोकांतून दोरीचा छोटा फास काढायचा, दोन्ही टोकं समोरासमोरच्या फासांतून ओवायची आणि मग गाठ मारायची. टाच मागं घट्ट बसते, पाय पुढं घसरत नाही. ही युक्ती मला दुकानात येणाऱ्या एका निवृत्त सुभेदारकाकांनी शिकवली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावातच आहे, त्यामुळं पायांबद्दल जाणकार माणसं आम्हाला कमी पडत नाहीत. ते दोन मोजे घालायचे, आत पातळ आणि वर जाड, म्हणजे घासायचं ते मोजे एकमेकांना घासतात, कातडी वाचते. त्यांनी आणखी एक सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं. रात्री पाय तपासले जायचे तेव्हा फोड आलेल्या जवानाला कुणी हसायचं नाही. ज्यानं फोड लपवला त्याला मात्र बोलणी बसायची, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्यामुळं सगळी तुकडी मंदावायची.

फोड टाळायला लोक काय काय लावतात. खोबरेल, व्हॅसलीन, पावडर, लग्नाच्या दिवशी तर मेणबत्तीचं मेणसुद्धा. व्हॅसलीननं सुरुवातीला घर्षण कमी होतं खरं, पण काही वेळानं ते मोज्यात शोषलं जातं आणि पुन्हा लावावं लागतं. अमेरिकेतल्या लष्करी छात्रांवर १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घाम रोखणारं औषध पायाला लावलं तर २१ किलोमीटर चालल्यावर फोडांचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आलं. पण औषध लावलेल्या निम्म्याहून अधिक छात्रांच्या पायांची आग झाली. सगळ्यात स्वस्त उपाय निघाला तो साध्या कागदी चिकटपट्टीचा. दवाखान्यात सलाइनची सुई धरून ठेवायला वापरतात तीच, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २५० किलोमीटरच्या शर्यतीत धावणाऱ्यांच्या पायांवर ती आधीच लावून बघितली. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. पट्टी लावलेल्या जागी फोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी आले. लावताना पाय कोरडा हवा, पट्टीला सुरकुती नको, आणि लावायची ती चालायच्या आधी.

आता आपल्या हक्काच्या चपलेबद्दल. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून अर्ज केला होता. सीमेवरनं इतकी वर्षं भांडणारी दोन सरकारं एका चपलेखाली एकत्र आली, याचं मला फार हसू येतं आणि बरंही वाटतं. आमच्याकडं अथणी आणि निपाणीहून माल येतो. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं, एकही खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवण. वेणी घालायचं बारीक काम बहुतेक घरातल्या बायका करतात.

नवी कोल्हापुरी अंगठ्याच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हमखास लागते. तिच्याबाबत "पडेल की सैल" हे वाक्य खरं आहे, कारण ती खरोखर पायाचा आकार घेते. पण तिलाही वेळ द्यावा लागतो. पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून तेलाचं बोट फिरवायचं, रात्रभर ठेवायचं, मग घरातल्या घरात अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तासभर. पावसात घालायची नाही. आमच्याकडं माल घेऊन येणारे अथणीचे मामा म्हणतात, "नवी सून आणि नवी चप्पल, पहिल्या दिवशी लांब न्यायची नाही." सून बिचारी का मध्ये आणली, असं मी त्यांना विचारते. ते हसतात आणि बिडी पेटवतात.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

माझी मोठी आत्या निपाणीला असते. तिला पंधरा वर्षं मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नात तिनं नवे सँडल घातले होते. दिवसभर मांडवात उभी होती, पाहुण्यांना हवं-नको बघत होती. दुपारी पंगत वाढताना तिनं आम्हाला कौतुकानं सांगितलं, "नवे असून अजिबात चावले नाहीत बघ." आम्हीही म्हटलं, वा! रात्री तिनं सँडल काढले तेव्हा आतला तळ ओला आणि लाल होता. करंगळीखाली फोड येऊन फुटून गेला होता आणि तिला पत्ताच नव्हता. हळद लावली, पट्टी बांधली, लग्नघरच्या गडबडीत चार दिवस गेले. जखम काळी पडली. महिन्याभरात करंगळी काढावी लागली.

सँडल चावलेच होते. तिच्या पायानं सांगणं बंद केलं होतं. फार वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. डॉक्टर एक साधी तपासणी करतात. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. तेव्हा १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून तो जाणवला नाही, तर पायाची राखण इथून पुढं डोळ्यांनी करायची असा त्याचा अर्थ. आत्याची ही तपासणी करंगळी गेल्यावर झाली.

त्यानंतर मी डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी वाचलं. १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. कुष्ठरोगात बोटं झडतात, मांस आपोआप कुजतं, असं तेव्हा सगळेच समजत. ब्रँड यांनी रुग्णांच्या हातापायांवर बारकाईनं लक्ष ठेवलं आणि दाखवून दिलं, की रोगानं नसा बधिर होतात आणि पुढची हानी बरीचशी रोजच्या न जाणवलेल्या इजांनी होते. खडा टोचतो, खिळा वर येतो, चप्पल घासते, आणि माणूस तसाच चालत राहतो. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ तळाच्या पादत्राणांवर काम केलं. आज कुष्ठरुग्णांना आणि मधुमेहींना ज्या एमसीआर चपला देतात, त्या मऊ रबराच्या चपलांमागं वेल्लोरचं काम आहे.

त्यांची आणखी एक हकीकत आहे. पुढं अमेरिकेत असताना त्यांनी आणि त्यांच्या चमूनं बधिर हातापायांसाठी कृत्रिम वेदना तयार करायचा प्रयत्न केला. हातमोज्यांत, पायमोज्यांत दाब मोजणारी यंत्रं बसवली, धोका झाला की आवाज, पुढं तर विजेचा हलका झटकाही. यंत्रं महाग होती आणि बिघडायची. पण खरी अडचण वेगळीच निघाली. हातातलं काम पुरं करायचं असलं की माणसं ती सूचना सरळ बंद करून टाकायची. शेवटी तो नाद सोडावा लागला. १९९३ साली फिलिप यान्सी यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात ब्रँड यांनी वेदनेला कुणालाच नको असलेली देणगी म्हटलं आहे.

हे वाचलं तेव्हा मला आमचं दुकान आठवलं. आपली यंत्रं महाग नाहीत, बिघडलेली नाहीत. धडधाकट पाय गरम होऊन, चुरचुरून, लाल होऊन सांगतो. आणि आपण "पडेल की सैल" म्हणून ती सूचना बंद करतो. आत्याला जे ऐकू येत नाही ते आपल्याला ऐकू येतं, आणि आपण तिकडं काणाडोळा करतो.

आत्या आता मागं पट्टा असलेल्या एमसीआर चपला घालते. सुरुवातीला तिला त्यांची लाज वाटायची, हळदीकुंकवाला जाणं टाळायची. आता साडीच्या रंगाकडं बघत नाही. सकाळी चप्पल उलटी करून झटकते, आत हात फिरवते, मगच पाय घालते. रात्री हातातला आरसा तळव्याखाली धरून बघते. पूर्वी टिकली बघायला वापरायची तोच आरसा. आणि बाबा दुकानात पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला माप घ्यायच्या आधी विचारतात, "शुगर आहे काय हो?" काहींना राग येतो. चप्पल मागितली तर हा रोग विचारतोय! बाबा विचारायचं सोडत नाहीत.

तरीही फोड आलाच तर काय करायचं, तेही सांगून टाकते. लहान असेल तर फोडायचा नाही. वरची कातडी हीच त्याची सगळ्यात चांगली पट्टी असते. साबण-पाण्यानं धुवायचा, झाकायचा, आणि तोच बूट दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचा नाही. फार मोठा असेल आणि चालवत नसेल तर स्वच्छ धुतलेल्या हातांनी, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढायचं, कातडी मात्र ओढून काढायची नाही. पू झाला, लाली पसरू लागली, ताप आला तर थेट डॉक्टर. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्या पायावर घरगुती सुई चालवायची नाही, हळदही नाही. पहिल्या दिवशीच दाखवायचं.

आता गॅदरिंगचे दिवस येतील. भाड्याचे बूट, उंच टाचा, कुणाच्यातरी ताईचे सँडल असं सगळं अंगावर आणि पायावर चढेल. एनसीसीची मंडळी परेडच्या नव्या बुटात दोन-दोन तास उन्हात उभी राहतील. माझ्या बॅगेत कागदी चिकटपट्टीचा रोल असतो, वीस-तीस रुपयांचा. वाङ्मय मंडळाच्या बैठकीला मी असतेच. ज्यांना लागेल त्यांनी येऊन मागावी, लाजू नये. फक्त पाय गरम लागला की लगेच मागा. फोड आल्यावर मागू नका.